डब्यातले सात बैल

आप्पासाहेबांचा धंदा कोणता, असं वडगाव निंबाळकरात कुणी परक्या माणसानं विचारलं, की सांगणारा आधी इकडंतिकडं बघायचा. बायामाणसं जवळपास असली तर "जनावरांचं बघत्यात" एवढ्यावर भागवायचा. नसली तर सरळ सांगायचा, की आप्पासाहेबांकडं वळू आहे.

वळू म्हणजे गावावरून ओवाळून टाकलेला, कुणाच्याही कडवळात तोंड घालणारा नव्हे. चांगला खिलार, पांढराशुभ्र, शिंगं अशी की रंगवायला घेणाऱ्याचा हात थांबावा. इंदापूरच्या बाजारातनं कोवळं खोंड असताना आणलेला. नाव सरदार. सरदारनं जन्मात कधी जू बघितलं नव्हतं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या गायी गाभण ठेवणं हे त्याचं काम, आणि ते काम इज्जतीत पार पाडणं हे आप्पासाहेबांचं.

इज्जत हा शब्द उगीच नाही वापरला. गाय घेऊन येणाऱ्यानं नारळ आणायचा, तो सरदारपुढं फोडायचा. मग गायीचं नाव सांगायचं, तिच्या आईचं नाव सांगायचं. आप्पासाहेब डोक्यावरचा फेटा सारखा करून "व्हय" म्हणायचे. एवढं झालं की दोन्ही माणसं गायीकडं पाठ फिरवून उसाच्या तोडीबद्दल बोलायला लागायची, ते मागचं काम उरकेपर्यंत. गाय फळली, म्हणजे गाभण राहिली, की मालक सुपात ज्वारी घेऊन यायचा. लग्न लावणाऱ्या भटजीपेक्षा आप्पासाहेब स्वतःला तसूभरही कमी समजत नसत. उलट भटजीनं लावलेली लग्नं कधीकधी मोडतात, असं ते बोलूनही दाखवत.

त्यांच्या एकुलत्या एका पोराला, यशराजला, मात्र या सगळ्याची लाज वाटायची. शाळेत पोरं त्याला "वळूवाल्याचं" म्हणायची. गुरुजींनी एकदा वर्गात प्रत्येकाला वडिलांचा धंदा विचारला, तेव्हा यशराजचं नाव यायच्या आत वर्ग हसायला लागला होता. त्या दिवसापासून पोरानं गोठ्याकडं जाणं सोडलं. बारावी झाली तसा तो बारामतीला गेला आणि जाताना आईला, बनाबाईला, म्हणाला, "आई, काय बी करीन, पर ह्या धंद्याचं त्वांड बगायचो न्हाय."

पुढं त्याला दूध संघात नोकरी लागली. कच्ची नेमणूक होती, पण नोकरी ती नोकरी. बनाबाईनं गल्लीभर साखर वाटली. पोरगं पहिल्यांदा कामावर यायचं त्या दिवशी अर्धी आळी अंगणात जमली. यशराज एम-एटीवर बसून आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि मागं दोरीनं बांधलेला अरुंद गळ्याचा, चकचकीत ॲल्युमिनियमचा डबा.

"ह्यात काय हाय रं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

यशराजनं खाली बघत सांगितलं. डब्यात नायट्रोजन असतो, बर्फापेक्षा कितीतरी गार. त्यात कांड्या असतात. जातिवंत बैलांचं बी त्या कांड्यांत राखून ठेवलेलं असतं. गाय माजावर आली की आपण जायचं आणि कांडी भरायची. बैल लागत नाही.

 मग मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी आळीच हसायला लागली. ज्या धंद्यापासनं पोरगं पळालं होतं, तोच धंदा ते एम-एटीला बांधून घरी घेऊन आलं होतं. आप्पासाहेब तेवढे हसले नाहीत. ते डब्याभोवती एक फेरी मारून आले.

"किती बैल हाईत ह्यात?"

"सात बैलांच्या कांड्या हाईत, आबा."

"नावं काय त्यांची?"

"नावं न्हाईत. नंबर हाईत."

आप्पासाहेबांनी कपाळावर हात मारला. तुरुंगातल्या कैद्याला नंबर असतो, हे त्यांना माहीत होतं. बैलाला असतो हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

पुढचे काही महिने सरदारला वाईट गेले. यशराज हाताचा हलका होता, बोलायला गोड होता आणि बोलावलं की दारात हजर व्हायचा. गाय ओढत नेणं नाही, नारळ नाही, कुणाची आई कोण याची चौकशी नाही. दूध संस्थेचे चेअरमन दत्तोबा यांनी सगळ्यात आधी पक्ष बदलला. ते एरवीही पक्ष बदलायला वेळ लावत नसत. त्यांच्या गोठ्यात संकरित गायी होत्या, आणि "आमच्या गायींना आता परदेशी पावनं" असं ते चावडीवर सांगत फिरायचे. बघता बघता सरदारकडं येणाऱ्या गायी बंद झाल्या. सरदार दिवसभर रवंथ करत बसायचा, वाटेनं गाय गेली की उभा राहायचा आणि ती वळली नाही की पुन्हा बसायचा. हे बघवलं नाही की आप्पासाहेब उठून त्याच्या पुढ्यात उगीचच कडवळ टाकायचे.

तरी ते गप्प होते. पोटचं पोर पोटाला लागलंय, असं मनाला समजावत होते. पण एकदा पारावर दत्तोबांनी काडी टाकली.

"आप्पासाहेब, तुमी शेती कवापासनं करायला लागला?"

"म्हंजी?"

"न्हाय, यशराजच्या मुलाखतीला मी बी होतो बारामतीत. संघाच्या डाक्टर म्याडमनी इचारलं, वडील काय करतात? तर म्हणला, शेती करत्यात. मला वाटलं, जिमीन घेतली का काय कुठं."

आप्पासाहेबांच्या नावावर गोठ्यापुरती जागा आणि एक कडवळाचं वावर होतं. ते तसेच उठून घरी आले आणि त्या दिवसापासून पोराशी बोलायचे बंद झाले. बोलायचं झालंच तर बनाबाईमार्फत. पोरगं समोर पाटावर बसलेलं असताना म्हणायचे, "आगं, सायबास्नी इचार, भाकरी खात्यात का त्यांच्या म्याडमनं मना केलीय." बनाबाई डोक्याला हात लावून म्हणायची, "मी काय मदी टपालपेटी हाय व्हय?" पोरगं मान खाली घालून खायचं. बापाला का राग आला हे त्याला कळलेलं होतं. म्हणून तर ते मान वर करत नव्हतं.

अशात बेंदूर आला.

बैलाच्या सणाला आप्पासाहेब निराळेच असायचे. आदल्या दिवशी त्यांनी सरदारची खांदेमळणी केली. जू ओढून बैलांचे खांदे सुजतात म्हणून हळद-तूप लावून ते मळायचे, अशी रीत. सरदारच्या खांद्यावर आयुष्यात कधी माशीपलीकडं वजन पडलेलं नव्हतं, पण आप्पासाहेबांनी तासभर खांदे मळले. सणाच्या सकाळी त्याला कालव्यावर धुतलं, शिंगांना हिंगूळ लावला, बेगड चिकटवलं, गोंडे बांधले, पाठीवर झूल टाकली. वेसण काढली. बेंदराला बैलाला ना वेसण, ना दावं, ना कोंडणं. त्या दिवशी बैल मोकळा पाहिजे. मोकळ्या बैलाला पोटभर पुरणपोळी पाहिजे.

यशराज मित्रांबरोबर मिरवणुकीच्या तयारीला गेला होता. सणाची सुट्टी म्हणून त्यानं डब्याला हात लावलेला नव्हता. डबा मागच्या खोलीत कोपऱ्यात उभा होता. आप्पासाहेब झुलीचा दोर शोधायला तिथं गेले आणि डब्यापुढं थबकले.

झाकण घट्ट बसलेलं होतं. आत सातजण.

आप्पासाहेब परत गोठ्यापुढच्या निंबाखाली गेले. सरदारच्या पाठीवरनं हात फिरवला. मन लागेना. कुणाचे कुठले बैल, परमुलखातले, ना नाव ना गाव, आणि बेंदराच्या दिवशी अंधारात, बर्फात कोंडलेले. त्या बैलांशी त्यांचं वैर होतं. पण वैऱ्याच्या बैलालासुद्धा कुणी सणाला कोंडत नाही.

ते पुन्हा खोलीत गेले, डबा उचलला आणि सरदारशेजारी, निंबाच्या झाडाखाली आणून ठेवला. "या बाबांनू, मोकळं व्हा," म्हणाले आणि झाकण उपसलं.

डब्याच्या गळ्यातून पांढरीफेक वाफ बाहेर आली आणि खाली जमिनीवर पसरली. थंडीच्या दिवसांत पहाटे बैल श्वास सोडतो, अगदी तशी. आप्पासाहेब दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी हात जोडले.

"आगं ये, बगितलं का!" त्यांनी बनाबाईला हाक मारली. "कसं फुसफुसत्यात बग! कवाधरनं कोंडल्यात कुणाला ठावं."

बनाबाई हळद-कुंकू घेऊन आली. डब्याच्या गळ्याला तिनं सात बोटं हळदीची आणि सात कुंकवाची लावली. मग पदर तोंडाला लावून विचारात पडली. "आवं, पर पोळ्या? घरातल्या परतेक बैलाला पाच पोळ्यांचा निवद. ह्या सातांचा निवद काढला तर घरच्यांस्नी ऱ्हायचं न्हाय."

"पुरण वाटायला घे आनखी."

बनाबाईनं दुसऱ्यांदा पुरण वाटलं. पुन्हा चुलीपुढं बसली, घामाघूम झाली, पण सातही जणांचा नैवेद्य काढला. आता अडचण अशी, की डब्याचा गळा अरुंद आणि पोळी रुंद. आप्पासाहेबांनी एक तुकडा आत सोडायला बघितला, पण बोटाला असा चटका बसला, की त्यांनी हात झटकला. आतल्या मंडळींना आग्रह केलेला आवडत नाही, असं त्यांनी ठरवलं. मग नैवेद्य टाकून कसा द्यायचा? सरदार मान पुढं करून उभाच होता. पाहुण्यांच्या वाटणीचं यजमानानं खाल्लं तर त्यात वावगं काही नाही. आप्पासाहेब एकेक पोळी डब्याला दाखवायचे, "ही तुजी" म्हणायचे आणि सरदारच्या तोंडात द्यायचे. सरदारनं स्वतःच्या पाच खाल्ल्या होत्या. त्यावर सात जणांच्या खाल्ल्या. नको म्हणायची त्याला सवय नव्हती.

संध्याकाळी मिरवणूक वाजतगाजत झाली. डबा निंबाखालीच मोकळा उभा होता; यशराज रात्री उशिरा येऊन सरळ झोपला, तिकडं फिरकलाही नाही. बैलाला वेसण घालायची ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, ही रीत असल्यामुळं आप्पासाहेबांनी झाकणही दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच लावलं. वाफ येत नव्हती. गाढ झोपले असतील, असं म्हणून त्यांनी डबा हलक्या पावलांनी जागेवर नेऊन ठेवला.

यशराज उठून तोंड धुतोय तोवर दारात जीप येऊन थांबली. जीपमधून मनिषा मॅडम उतरल्या. या यशराजच्या साहेब, जनावरांच्या डॉक्टर. अंगानं बारीक, पण आवाज असा की मोठमोठे बागायतदार टोपी काढून बोलायचे. पहिल्यांदा त्या गावात आल्या तेव्हा पुरुषमंडळी लाजून लाल झाली होती, कारण गाय कधी माजावर आली, हे मॅडम सरळ, सगळ्यांसमोर, चहा पिता पिता विचारायच्या. आज त्या यशराजची नेमणूक पक्की करायची की नाही, हे बघायला आल्या होत्या.

"डबा आण," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी झाकण काढलं, नायट्रोजन मोजायची पट्टी आत घातली आणि बाहेर काढून बघितली. पट्टीवर बर्फाचा कणही नव्हता. पुन्हा घातली. पुन्हा कोरडी.

"यशराज, नायट्रोजन कुठं गेला? सगळ्या कांड्या मेल्यात."

मेल्यात, हा शब्द गोठ्यात बसलेल्या आप्पासाहेबांनी ऐकला आणि त्यांच्या हातातली पेंड तिथंच राहिली.

यशराजचा चेहरा पांढरा पडला. त्यानं डब्याकडं बघितलं. गळ्याभोवती हळदीची बोटं होती, कुंकवाची बोटं होती आणि काठावर पुरणाचा एक कण वाळून चिकटलेला होता. त्यानं गोठ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "माजी चूक झाली, म्याडम. झाकण नीट लावायचं ऱ्हायलं."

तेवढ्यात दारात हंबरडा उठला. दत्तोबा घामाघूम होऊन गाय ओढत आले होते. गाय माजावर होती आणि ते साऱ्या पंचक्रोशीला सांगत होती.

"यशराज, कांडी काड! तुजी वाट बगून शेवट मीच आलो घिऊन. आज गेली तर तीन आठवडं गेली! काय रं, आसा का हुबा?"

परिस्थिती कळल्यावर दत्तोबांचा आवाज गायीच्या वर गेला. "चेअरमनच्या गायीला कांडी न्हाय? मग संस्था कशाला काडलीया आमी? म्याडम, ह्या पोराला काडून टाका आदी!"

आप्पासाहेब उठले. फेटा सारखा केला आणि गोठ्यातनं बाहेर आले.

"पोराचा काय संबंद न्हाय. झाकान मी काडलं. काल दिसभर आन् रातभर उगडं ठिवलं."

"का?" मॅडमनी विचारलं.

"बेंदूर हुता. आमच्यात सणाला बैल कोंडून ठिवत न्हाईत."

"अहो, आत बैल नसतात! नुसतं बी असतं."

"बी म्हंजी बैलच की, म्याडम. आज न्हाय तर उद्या."

 यशराज बापाकडं बघत राहिला. बापानं नोकरी घालवली होती, हे खरं. पण वैर असतानाही बापानं त्या डब्याला सणात घेतलं होतं, हेही त्याला दिसत होतं. त्यानं कित्येक वर्षांत न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं.

"आबा, सरदारला सोडता का?"

आप्पासाहेबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांना भरून आलं. दत्तोबांनी आढेवेढे घेतले, परदेशी पाहुण्यांची भाषा काढली, पण गायीनं त्यांना असा हिसका दिला की "बरं, सोडा, सोडा" म्हणाले. आप्पासाहेब लगबगीनं गोठ्यात गेले. किती महिन्यांनी आज सरदारची वेळ आली होती! अंगणात माणसं जमली. सगळ्यांनी, रीतीप्रमाणं, तोंड फिरवून उसाबद्दल बोलायला सुरुवात केली.

बराच वेळ झाला तरी मागं काही हालचाल नाही. एकेकानं हळूच वळून बघितलं.

सरदार बसलेला होता. पोट नगाऱ्यासारखं टम्म फुगलेलं. शिंगांचं बेगड चमकत होतं, गोंडे लोंबत होते, पण डोळे अर्धे मिटलेले. दत्तोबांची गाय त्याच्या नाकाशी जाऊन हंबरली. सरदारनं तिच्याकडं बघितलं, एक लांबलचक ढेकर दिला आणि मान दुसरीकडं वळवली.

अंगणात असा काही हशा पिकला की गायसुद्धा गप्प झाली. डब्यातले सात गेले आणि गोठ्यातला एक बसला. वडगावातला सगळा धंदा एका सणानं बसवला होता. दत्तोबा कुणावर ओरडावं ते न कळून आळीपाळीनं सगळ्यांवर ओरडत होते.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाह्या वर केल्या आणि सरदारच्या डाव्या कुशीवर टिचक्या मारल्या. "काय खाल्लंय यानं?"

"त्याच्या पोळ्या खाल्ल्या," आप्पासाहेब चाचरत म्हणाले. "आन् पावन्यांच्या बी."

"कुठले पाहुणे?"

आप्पासाहेबांनी डब्याकडं बोट दाखवलं. मॅडमनी डब्याकडं बघितलं, बैलाकडं बघितलं, आणि मग मात्र त्या इतक्या हसल्या की त्यांना निंबाला टेकून उभं राहावं लागलं.

हसू आवरल्यावर त्यांनी गोडेतेल मागितलं, जीपमधून औषध आणलं. यशराजनं सरदारचं तोंड वर धरलं. लहानपणी धरायचा तसंच धरलं, हात विसरलेला नव्हता. बांबूच्या नळीनं बापानं औषध-तेल पाजलं. मग दोघांनी दोन बाजूंनी त्याला उठवलं आणि अंगणात फिरवायला लागले. चौथ्या-पाचव्या फेरीला सरदारनं पोटातला वारा असा सोडला की जवळचे लोक लांब पांगले. बनाबाईनं देवाला हात जोडले.

मॅडम हात धुऊन आल्या. आता त्यांचा चेहरा साहेबाचा झाला होता.

"यशराज, डबा सुकला, ते मी समजून घेईन. सण होता, म्हातारा माणूस आहे. पण मुलाखतीत मी तुला विचारलं होतं, वडील काय करतात. तू शेती म्हणालास. आणि आज माझी चूक म्हणालास. दोन्ही खोटं. माझ्याकडं खोटं बोलणारा माणूस चालत नाही. न फळलेली गाय फळली म्हणून सांगशील उद्या. आता सगळ्यांसमोर सांग. वडील काय करतात?"

अंगण गप्प झालं. शाळेतला वर्ग जसा गप्प व्हायला हवा होता आणि झाला नव्हता, तसं झालं. आप्पासाहेबांनी सरदारची झूल उगीचच नीट करायला घेतली. पोरगं आता काय बोलेल, ते ऐकायला नको वाटत होतं आणि कान तर तिकडंच होते.

यशराजनं एक हात सरदारच्या मानेवर ठेवला.

"माजंच काम करत्यात, म्याडम," तो म्हणाला. "माज्या आदीपासनं."

आप्पासाहेबांनी फेट्याचा शेव ओढून डोळ्यांना लावला आणि पेंडीचा कण गेला, असं कुणी विचारलं नसताना सांगितलं.

"मग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "नेमणूक पक्की. नायट्रोजन नि नव्या कांड्या उद्या येतील. पुढच्या बेंदराला नैवेद्य बाहेरून दाखवायचा. झाकण लावून."

जीप गेली. दत्तोबा अजून गायीचं दावं धरून उभेच होते. "आरं, पर माज्या गायीचं काय?"

आप्पासाहेबांनी पोराकडं बघितलं. मधे बनाबाई नसताना, कित्येक दिवसांनी, ते थेट त्याच्याशी बोलले.

"काय सांगायचं रं ह्यास्नी?"

"तीन आठवड्यांनी परत माजावर यील, तवा घिऊन यायचं," यशराज म्हणाला.

"व्हय," आप्पासाहेब म्हणाले, आणि फेटा सारखा करून दत्तोबांकडं वळले. "डब्यातला पायजे का गोठ्यातला, ते तवाच ठरवा. दोनी एकाच घरचं हाईत. पर येताना नारळ आणा, चेअरमन. आन् गायीच्या आईचं नाव इचारून या."